कराड

कराड : (कऱ्हाड, प्राचीन करहाकट, करहाटक). सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व कृष्णा-कोयना संगमावरील प्राचीन व्यापारी नगर. लोकसंख्या सुमारे ५४ हजार (२०११). पुणे-बंगळूर महामार्गावर, साताऱ्याच्या दक्षिणेस सुमारे ५० किमी. येथून समुद्र सह्याद्रीपलीकडे आहे, पण या गावाचा इतिहास बंदरांना सोडून सांगता येत नाही. पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि पुढे वाशिष्ठीच्या खाडीने दाभोळ, ही देश आणि कोकण जोडणारी जुनी वाट. तिचे घाटावरचे टोक म्हणजे कराड.

नावाचा प्रश्न जुना आणि गुंतागुंतीचा आहे. मध्य भारतातील भरहुत स्तूपाच्या (इ.स.पू. सुमारे दुसरे शतक) दानलेखांत ‘करहकट’ या गावचा उल्लेख येतो. कुडे येथील लेण्यांतल्या एका लेखात ‘करहाकड’चा रहिवासी असलेल्या लोहवाण्याचे, म्हणजे लोखंडाच्या व्यापाऱ्याचे, दान नोंदवलेले आहे. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात ‘करहाटक’ येते, तर राष्ट्रकूट ताम्रपटांत ‘करहाट’. ही सर्व रूपे आजच्या कराडचीच आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

व्युत्पत्तीबाबत मात्र एकमत नाही. अमरकोशात ‘करहाट’ म्हणजे कमळाचा कंद. नदीकाठच्या डोहांतील कमळांवरून गावाला हे नाव पडले, असा एक तर्क. त्याच कोशात मदनवृक्षाच्या, म्हणजे आपल्याकडील गेळीच्या, नावांत ‘करहाटक’ आहे. वड, पिंपळ, उंबर यांच्या नावांची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, त्यामुळे हा तर्क वरवर पाहता अधिक पटतो. पण दोन्ही तर्कांपुढे अडचण एकच आहे. दोन्ही ‘करहाटक’ या संस्कृत रूपावर उभे आहेत, आणि कोरीव लेखांतली जुनी रूपे तशी नाहीत. भरहुत व कुडे या दोन्ही ठिकाणी ‘क’ आधी आणि ‘ट’ किंवा ‘ड’ नंतर आहे. म्हणजे मूळ नाव ‘करहाकट’ असावे आणि संस्कृतात घेताना वर्णांची अदलाबदल होऊन त्याचे ‘करहाटक’ झाले असावे. तसे असेल तर हे नाव विदर्भातले भोजकट, कार्ल्याच्या लेखांतले धेनुकाकट, आंध्रातले धान्यकटक यांच्या पंक्तीला बसते. या नावांतील ‘कट’ हा वस्ती किंवा तळ दाखवणारा घटक धरला, तर झाड आणि कंद हे दोन्ही अर्थ मागाहून चिकटलेले ठरतात. उपलब्ध लेख पाहता हे मत अधिक सयुक्तिक वाटते. सह्याद्रिखंड या स्कंदपुराणाचा भाग म्हणवणाऱ्या ग्रंथात या नावाविषयी येणाऱ्या कथा ज्ञातिद्वेषातून रचलेल्या दिसतात, त्यांना इतिहासाचे मोल नाही. कऱ्हाडे ब्राह्मणांचे नाव याच गावावरून आले आहे. ‘कऱ्हाड’ हे लेखन जुन्या नावाला अधिक जवळचे. सरकारी कागदांत आणि रेल्वेच्या पाटीवर मात्र ‘कराड’ रूढ आहे.

कुडे येथील दानलेखाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ही लेणी रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीजवळ, मांदाडच्या परिसरात आहेत. ग्रीक-रोमन लेखकांनी उल्लेखिलेले मंदगोर बंदर ते हेच, असे अनेकांचे मत आहे. लेख साधारणतः इ.स.च्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतले धरतात. कराडचा लोखंडविक्या घाट उतरून खाडीकाठी जातो, तिथे त्याचा इतका जम बसतो की तो भिक्षूंसाठी दान देतो. कराड आणि किनारा यांच्या नात्याचा इतका जुना आणि इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

राष्ट्रकूट काळात ‘करहाट चार हजार’ हा प्रशासकीय प्रदेश होता. तिसऱ्या कृष्णाचा शके ८८० (इ.स. ९५९) चा ताम्रपट येथेच सापडला. दक्षिण जिंकून मेलपाटी येथे तळ पडला असताना राजाने करहाटातील एका शैव आचार्याला गाव दिल्याची नोंद त्यात आहे. पुढे शिलाहार राजघराण्याच्या घाटावरील शाखेचे कराड हे एक प्रमुख ठाणे झाले. चालुक्य सहावा विक्रमादित्य याने करहाटच्या शिलाहार राजकन्येला, चंद्रलेखेला, स्वयंवरात वरल्याचे वर्णन त्याचा दरबारी कवी बिल्हण याने केले आहे. काव्यातली अतिशयोक्ती वजा केली तरी या घराण्याचे तत्कालीन महत्त्व त्यातून कळते.

बहमनी व आदिलशाही काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्मेईदा याने ते जाळले, तरी त्यानंतरही तेथील व्यापार चालू राहिला. मीठ, सुकी मासळी, नारळ घेऊन बैलांचे तांडे घाट चढत आणि गूळ, मिरची, धान्य घेऊन उतरत. वाटेवर पाटणजवळ दातेगड आणि घाटमाथ्याकडे जंगली जयगड. कराडच्या उत्तरेस तळबीडजवळ वसंतगड, पूर्वेस सदाशिवगड. तळबीड हे सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचे गाव. अफजलखानाच्या वधानंतर १६५९ मध्ये हा मुलूख स्वराज्यात आला. पुढे पंतप्रतिनिधींचे वास्तव्य येथे होते, नंतर त्यांनी औंध जवळ केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-मिरज लोहमार्ग झाला तेव्हा माल घाटाऐवजी रुळांवरून जाऊ लागला. स्टेशनजवळ ओगले काच कारखाना उभा राहिला, त्याच्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्रातली घरे उजळली. ओगलेवाडी हे नाव त्यावरूनच पडले. सध्याचे शहर ऊस, साखर कारखाने, शिक्षण व वैद्यकीय सेवा यांवर उभे आहे.

प्रेक्षणीय स्थळांत प्रीतिसंगम पहिला. कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना दक्षिणेकडून. दोघी समोरासमोर भेटतात आणि काटकोनात वळून पूर्वेला जातात. नद्यांचे संगम बहुधा तिरक्या कोनात होतात, असा समोरासमोरचा विरळा. पावसाळ्यात घाटावर उभे राहिले की दोन्ही प्रवाह एकमेकांना थोपवताना दिसतात, मधल्या पट्ट्यात पाणी जागच्या जागी घुमते, आणि मगच ओढ घेते. त्या काळात पाण्यात उतरू नये. काठावर यशवंतराव चव्हाण (१९१३–१९८४) यांची समाधी आहे. महाराष्ट्राच्या या पहिल्या मुख्यमंत्र्यांचे शालेय शिक्षण येथील टिळक हायस्कुलात झाले. त्यांचे ‘विरंगुळा’ हे घरही याच गावात आहे. घाटावर कृष्णाबाईचे देऊळ असून तिचा उत्सव चैत्रात होतो.

पंताच्या कोटातील नकट्या रावळाची विहीर फार कमी लोक पाहतात, आणि ही खेदाची गोष्ट आहे. सरळ रेषेत खोल उतरत जाणारा रुंद दगडी जिना, मधे विसाव्याचे टप्पे, शेवटी कमान आणि तिच्यापलीकडे चौकोनी विहीर. वरच्या पायरीवरून पाहिले तर तळाचे पाणी काळ्या पट्टीएवढे दिसते. भर दुपारीही खालच्या पायऱ्यांवर गारवा असतो. बांधणीवरून ती मध्ययुगीन, बहुधा आदिलशाही काळातील असावी. गावातील मनोऱ्यांची मशीद साधारण सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. तिचे दोन उंच मनोरे दुरूनही ओळखू येतात.

नैर्ऋत्येस पाच-सहा किमीवर जखिणवाडीजवळ आगाशिवाच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. मूर्ती, नक्षी जवळजवळ नाही. लहान खोल्या, दगडात कोरलेले झोपायचे ओटे, मोजके चैत्य. या साधेपणामुळे त्यांचा काळ सातवाहन काळातील आरंभीच्या शतकांत धरतात. ओट्यावर हात फिरवला तर छिन्नीचे वळ अजून बोटांना लागतात. माथ्यावर शिवमंदिर आहे, आणि तिथून दोन्ही नद्यांची खोरी एकत्र दिसतात. चढ सोपा, पावसाळ्यानंतरचे महिने उत्तम.

बंदराची जुनी वाट पाहायची असेल तर कराडहून पाटणमार्गे चिपळूणला जाणारी एसटी घ्यावी. हेळवाकपर्यंत रस्ता कोयनेच्या खोऱ्यातून जातो. महाबळेश्वरहून दक्षिणेला वाहत आलेली नदी तिथे पूर्वेला, कराडकडे वळते, आणि रस्ता तिला सोडून घाटाला लागतो.