नळीतल्या गर्भाच्या ऑपरेशननंतर: बीटा एचसीजी एकाच लॅबमध्ये का करावं

"ऑपरेशन झालं, गर्भ काढला, मग आता रक्त कशाला?" आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून हे पत्रक.

डिस्चार्ज कार्डावर आधी पाहा, गर्भनलिका काढली आहे की ती राखून फक्त गर्भ काढला आहे. नळी राखली असेल तर गर्भाच्या काही पेशी आत चिकटून राहू शकतात आणि पुन्हा वाढू शकतात. टाके भरले, हिंडू-फिरू लागलात, तरी हे वरून दिसत नाही. ते रक्तातल्या बीटा एचसीजीवरून, म्हणजे गर्भाच्या पेशींतून येणाऱ्या हार्मोनवरून, कळतं. म्हणून साधारण दर आठवड्याला तपासणी सांगतात, आकडा ५ च्या खाली येईपर्यंत. पूर्ण नळी काढली असेल तर बहुधा इतक्या वेळा लागत नाही. काही डॉक्टर ३ आठवड्यांनी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट सांगतात, तेवढी पुरते.

आता सगळ्यांचा वेळ खाणारी चूक. पहिला रिपोर्ट हॉस्पिटलचा, दुसरा घराजवळच्या लॅबचा, तिसरा आमचा. मशीन आणि किट बदललं की त्याच रक्ताचा आकडा वेगळा येऊ शकतो. मग आकडा खरंच चढला की फक्त लॅब बदलली, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पुन्हा रक्त, पुन्हा दोन दिवसांची धाकधूक. पेशी उरल्या असतील तर त्यांची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हा निर्णय याच उतरत्या आकड्यांवर ठरतो. आमच्याकडेच या असं नाही, पण जिथे सुरू केलं तिथेच शेवटपर्यंत करा. आणि ३००० चे ४०० झाले म्हणून मध्येच थांबू नका. उतरलेला आकडा अडकतो, कधी उलट चढतोही.

आम्ही मागचे रिपोर्ट मागतो, याचा काहींना राग येतो. पण आकडा आधीच्याशी जुळला नाही तर तेच सॅम्पल पुन्हा चालवून मगच रिपोर्ट देतो, त्यासाठी ते लागतात. उपाशी यायची गरज नाही. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी सांगा, काही किटवर त्यामुळे आकडा चुकतो.

दुर्बिणीचं ऑपरेशन असलं तरी पहिले दोन-तीन आठवडे जड उचलू नका. पोट उघडून झालं असेल तर सहा आठवडे धरा. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखणं सुरुवातीला पोटात भरलेल्या गॅसमुळे असतं, एक-दोन दिवसांत ओसरतं. थोडा रक्तस्राव आठवडा-दोन आठवडे चालू शकतो. जिने चढवत नसतील तर आमची ताई घरी येऊन सॅम्पल नेते, त्याच मशीनवर लागतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या गरोदरपणात रक्तगटामुळे बाळाला त्रास होऊ नये म्हणून असतं ते) दिलं का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. ते ७२ तासांत द्यायचं असतं.

पोटात वाढती कळ, चक्कर, ताप, तासाला एक पॅड भिजेल इतकं रक्त, किंवा खांदा नव्याने दुखू लागला, तर आमच्या रिपोर्टची वाट पाहू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

मूल गेल्याचं दुःख असतंच, आणि दर आठवड्याची सुई ते पुन्हा उकरते. आत एकटीने बसू नका, सोबत कुणाला आणा, आम्ही खुर्ची देतो. पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात, तेव्हा गर्भनिरोधनाचं डॉक्टरांशी आधीच बोला. पुढच्या वेळी पाळी चुकली की लगेच तपासा आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत आहे ना, हे पाहून घ्या.