प्रोलॉगच्या बोली : सुसंगती आणि नावांचे वाद

प्रोलॉग ही तर्काधारित प्रोग्रॅमिंगची (तथ्ये आणि नियम मांडायचे, उत्तर संगणकाने शोधायचे) सर्वांत परिचित भाषा. प्रत्यक्षात ते मिळत्याजुळत्या बोलींचे एक कुटुंब आहे. एका बोलीतला प्रोग्रॅम दुसरीत चालेल का, चालला तर तेच उत्तर देईल का, आणि किती बदललेल्या भाषेला ‘प्रोलॉग’ म्हणायचे, हे वाद जवळजवळ भाषेइतकेच जुने आहेत.

१९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे आलँ कोलमरोएर आणि फिलिप रूसेल यांनी प्रोलॉग घडवली. पुढे एडिंबरोत डेव्हिड वॉरन आणि सहकाऱ्यांनी डेक-१० यंत्रासाठी वेगवान प्रोलॉग तयार केली, आणि नियम लिहिण्याच्या दोन पद्धती पडल्या. मार्सेयच्या ‘प्रोलॉग-२’ मध्ये नियमाच्या मध्ये ‘->’ हा बाण आणि शेवटी अर्धविराम येई. एडिंबरो पद्धतीत नियमाच्या मध्ये ‘:-’ आणि शेवटी पूर्णविराम. बाण आणि अर्धविराम एडिंबरोतही आहेत, पण तिथे बाणाचा अर्थ ‘असे असेल तर’ आणि अर्धविरामाचा ‘किंवा’. चिन्हे तीच, अर्थ निराळे. १९८१ मध्ये क्लॉक्सिन आणि मेलिश यांचे पाठ्यपुस्तक आले आणि एडिंबरो वळणच रूढ झाले.

नावाचा सर्वांत गाजलेला वाद बोरलँडच्या टर्बो प्रोलॉगचा (१९८६). ती वेगवान होती, साध्या पीसीवर चाले आणि तिने अनेकांना या भाषेची पहिली ओळख करून दिली. पण तीत प्रत्येक प्रेडिकेटच्या (नियमांनी मांडलेल्या संबंधाच्या) अर्ग्युमेंटांचे, म्हणजे त्याला पुरवायच्या मूल्यांचे, प्रकार आधी जाहीर करावे लागत, आणि चालू प्रोग्रॅमने स्वतःच नवे नियम रचून वापरण्याची मोकळीक जवळजवळ नव्हती. त्यामुळे ही प्रोलॉगच नव्हे, असे जुन्या मंडळींचे म्हणणे पडले. तिचाच वंश पुढे व्हिज्युअल प्रोलॉग या नावाने चालू राहिला. मेलबर्नच्या मर्क्युरीने उलटी वाट धरली : लेखन प्रोलॉगच्या वळणाचे, पण प्रकार आणि मोड (कोणते अर्ग्युमेंट आधी द्यायचे आणि कोणते उत्तरात मिळायचे) काटेकोर, आणि नाव मात्र स्वतःचे. वाद टाळण्याचा हा अधिक सरळ मार्ग म्हणावा लागेल. नावाने कधी निराळीच पंचाईतही होते. म्युनिकमध्ये जन्मलेली एक्लिप्स ही बोली त्याच नावाच्या प्रसिद्ध जावा संपादकाहून जुनी, तरी शोधणाऱ्याच्या हाती आधी संपादकच लागतो.

१९९५ मध्ये प्रोलॉगसाठी आयएसओ/आयईसी १३२११-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. गाभ्यापुरते त्याने बरेच काही सुधारले. पूर्वी अनेक बोलींत अस्तित्वातच नसलेल्या प्रेडिकेटला हाक दिली की निमूट ‘नाही’ असे उत्तर येई. मानकाने तिथे त्रुटी दाखवणे हे मूळ वर्तन ठरवले. चालू प्रोग्रॅममध्ये नियम भरणारे, सर्रास वापरात असलेले ‘असर्ट’ मात्र मानकात नाही. तिथे फक्त ‘असर्टा’ आणि ‘असर्टझेड’ आहेत. मॉड्यूलसाठीचा (प्रोग्रॅमचे वेगळे विभाग पाडण्यासाठीचा) दुसरा भाग २००० मध्ये निघाला, पण बहुतेकांनी तो बाजूलाच ठेवला.

खरी अडचण मानकाने मोकळ्या सोडलेल्या जागांत आहे, आणि मानक असूनही बोली जिथे वेगळ्या वागतात तिथेही. दुहेरी अवतरणातला मजकूर सिक्स्टस या बोलीत अक्षरांच्या संकेतांकांची यादी होतो, स्क्रायर या बोलीत अक्षरांची यादी, तर एसडब्ल्यूआय-प्रोलॉग या बोलीच्या सातव्या आवृत्तीपासून स्ट्रिंग हा स्वतंत्र प्रकार. त्याच आवृत्तीने याद्या रचणारे अंतर्गत चिन्हही बदलले. जुन्या पद्धतीसाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. भागाकाराचेही तसेच. चार भागिले दोन याचे मानकानुसार उत्तर २.०, तर एसडब्ल्यूआयमध्ये एरवी २. प्रोलॉगमध्ये २ आणि २.० एकरूप होत नाहीत. पुढची जुळणी फसते आणि प्रोग्रॅम शांतपणे ‘नाही’ म्हणतो. ‘नाही’ हेही या भाषेत रीतसर उत्तरच असल्यामुळे बिघाड झाला आहे हे कळतच नाही. त्रुटी दाखवून थांबणारी विसंगती त्या मानाने परवडली.

लायब्ररीतली नावेही फसवी. यादीतून घटक काढणाऱ्या ‘डिलीट’ला एसडब्ल्यूआयमध्ये आधी यादी, मग घटक द्यावा लागतो आणि जुळणारे सगळे घटक जातात. एक्लिप्समध्ये घटक आधी, यादी नंतर. एका वेळी एकच घटक निघतो आणि मागे फिरून दुसरे उत्तर मागितल्यावर पुढचा. नाव एक, अर्ग्युमेंट तीनच, काम वेगळे.

यावर उतारे निघाले आहेत. लॉगटॉक ही भाषा अनेक प्रोलॉगांवर बसते आणि फरक स्वतःच्या थरात झाकते. एसडब्ल्यूआय आणि याप या बोलींनी एकमेकींची बोली समजून घेण्याची सोय केली. लेखकाला ‘डायलेक्ट’ हा फ्लॅग (चालू बोलीचे नाव सांगणारी नोंद) विचारून ‘इफ’ आणि ‘एंडिफ’ या निर्देशांमध्ये बोलीगणिक वेगळा कोड ठेवता येतो. गंमत अशी, की बोली ओळखणारा हा फ्लॅग आणि हे निर्देश, दोन्ही १९९५ च्या मानकात नाहीत.