जुनी फोर बाय फोर: ऑईल गळतंय, स्टिअरिंग ढिलं झालंय, तर आधी काय बघायचं

आमच्या गॅरेजमध्ये जुन्या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या) गाड्या येतात तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकाच दमात सांगितली जाते, "खाली ऑईल पडतंय आणि स्टिअरिंगपण ढिलं वाटतंय". ऐकताना दोन वेगळी दुखणी वाटतात पण जुन्या गाडीत ती पुष्कळदा एकमेकांत गुंतलेली असतात, म्हणून हे पत्रक दोन्हीचं मिळून काढलंय. आमचं मागणं एवढंच आहे की गळती नेमकी कुठून होतेय ते दिसल्याशिवाय सील बदलू नका, आणि प्ले (सांध्यातला ढिलेपणा) कुठल्या जॉइंटमध्ये आहे ते हाताला जाणवल्याशिवाय पार्ट घेऊ नका, अगदी आमच्याकडूनसुद्धा नको.

पुठ्ठ्यापासून सुरुवात करा

रात्री गाडी सपाट जागी लावा, खाली मोठा पुठ्ठा सरकवा आणि पुढची चाकं कुठे येतात त्याची पेनाने खूण करून ठेवा. सकाळी डागाला बोट लावून बघा, वास घ्या. काळपट-तपकिरी आणि पातळसर असेल तर इंजिन ऑईल. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑईल, म्हणजे गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा गिअरचा डबा) किंवा डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा), हा वास एकदा नाकात बसला की परत चुकत नाही. लालसर असेल तर बहुतेक पॉवर स्टिअरिंगचं, पण जुनं झालं की तेही तपकिरी होतं त्यामुळे रंगावर फार भरवसा ठेवू नका, टाकीतली लेव्हल बघा. हिरवं किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. आणि पाण्यासारखं पातळ, बोटाला गुळगुळीत लागणारं, चाकाच्या आतल्या बाजूने ओघळलेलं काही दिसलं तर ते ब्रेक ऑईल असू शकतं, मग गाडी चालवत आणू नका, फोन करा, टो करून आणू.

डाग पडला त्याच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. गाडी चालताना वारा ऑईल मागे ढकलतो, शिवाय ते चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीच्या) कडेने, चॅसिसवरून, बोल्टांवरून ओघळत भलतीकडेच जाऊन थेंब पडतो. म्हणून ओल सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे कुठे आहे ते शोधायचं. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गळत असतं, ऑईल इंजिनच्या मागून खाली उतरतं आणि लोक मेन सील (क्रँकचं मागचं सील) गेलं समजून गिअरबॉक्स उतरवतात. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बहुतेक गाड्यांत तासाभराचं काम आहे आणि मेन सील म्हणजे दिवस मोडतो, फरक लक्षात घ्या. गळती स्वतःच शोधणार असाल तर इंजिन डिग्रीझरने धुवा, नीट वाळवा, संशय असेल तिथे टाल्कम पावडर मारा आणि १५-२० किलोमीटर फिरवून आणा, पावडरीवर ओघळ स्पष्ट उठतो. ऑईल प्रेशर स्विच आणि ऑईल फिल्टरचं रबर हेही बघाच, जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहतं आणि त्याच्यावरच नवीन फिल्टर चढतो, मग गळणारच. बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरच्या घराच्या) खालून पडत असेल तर परत वासच कामाला येतो, इंजिन ऑईल असेल तर क्रँकचं मागचं सील, गिअर ऑईल असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं.

ब्रीदर, ज्याच्याकडे कुणी बघत नाही

एक गाडी आमच्याकडे आली तिचं मागच्या डिफरन्शियलचं पिनियन सील (ड्राइव्ह शाफ्ट जोडतो तिथलं) दुसरीकडे दोनदा बदलून झालं होतं आणि महिन्याभरात परत पिनियनभोवती ओल. आम्ही सील काढायच्या आधी ब्रीदरचा, म्हणजे आतली हवा बाहेर जायच्या वाटेचा, पाइप काढला तर त्याच्या तोंडात सुकलेल्या मातीचा गोळा, कुंभारीण माशीने घर केलेलं, तारेने टोकरलं तर भुकटी होऊन खाली पडलं. ऑईल गरम झालं की आतली हवा फुगते, तिला ब्रीदरमधून वाट मिळाली नाही तर ती सीलमधून वाट काढते आणि सोबत ऑईल आणते, सील नवं आहे की जुनं याला अर्थच उरत नाही. पाइप साफ केला, सील बदललं, ओल थांबली.

उलटंही होतं. तापलेलं ॲक्सल ओढ्यात उतरलं की एकदम थंड होतं, आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या ओठांमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियलचं ऑईल एकदा उघडून बघा, दुधाळ दिसलं तर लगेच बदला, वाट बघू नका. इंजिनचंही तेच, क्रँककेसचा ब्रीदर तुंबला की एकदम चार ठिकाणांहून गळायला लागतं. एकाच वेळी सगळीकडे ओल दिसली तर चार सीलं एकदम गेली असं समजायच्या आधी ब्रीदर बघा, आणि तो साफ असूनही प्रेशर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याची शक्यता आहे, ते मग कॉम्प्रेशन तपासूनच कळेल.

पॅकिंगला लावायचं सिलिकॉन कमी वापरा, ही कळकळीची विनंती. बाहेर दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं, ते सुटून चेंबरमध्ये पडतं आणि ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं.

आता स्टिअरिंग

सगळ्यात सोपं आधी, चारही टायरची हवा. कच्च्या रस्त्यासाठी हवा कमी केली आणि परत भरायची राहिली तर स्टिअरिंग जड लागतं आणि गाडी भरकटते. दुसरं, पार्ट टाइम फोर व्हील (फक्त गरजेपुरती चारही चाकं जोडायची सोय) असलेली गाडी डांबरी रस्त्यावर फोर व्हीलमध्ये चालवू नका, वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो फरक जायला जागा नसते आणि सगळी ड्राइव्हलाइन पिळली जाते, स्टिअरिंग जड झालं म्हणून आलेली गाडी नुसतं टू व्हीलमध्ये टाकून बरी झाल्याचं आम्ही पाहिलंय.

मग दोघांची तपासणी. गाडी जमिनीवरच उभी, हँडब्रेक ओढलेला, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, पूर्ण फिरवायचं नाही. दुसऱ्याने पुढून वाकून कॉलमच्या जॉइंटपासून सुरू करून स्टिअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टायरॉड एंड (बॉक्सपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्या आणि त्यांची टोकं) अशा प्रत्येक सांध्यावर हात ठेवत जायचं, फॅन आणि बेल्टपासून हात आणि कपडे लांब ठेवून. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते तिथे बोटाला टकटक लागते, डोळ्याला दिसायच्या आधी. स्टिअरिंग बॉक्स स्वतःच चॅसिसवर हलतोय का तेही बघा, बोल्ट ढिले असतात नाहीतर चॅसिसला तडा असतो. त्यानंतर चाक जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन (ज्याच्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं तो खिळा).

बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू हा सगळ्यांचा आवडता इलाज आहे आणि त्यानेच जास्त नुकसान होतं. टायरॉड एंड झिजलेला असताना बॉक्स आवळला तर प्ले थोडा कमी वाटतो पण स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि गिअर खाल्ले जातात. आधी बाकीचे सांधे, स्क्रू सगळ्यात शेवटी, तोही चाकं सरळ ठेवून आणि थोडाथोडा.

खड्ड्यातून गेल्यावर पुढचं ॲक्सल जोरात थरथरायला लागलं आणि थांबतच नसेल तर स्टिअरिंग घट्ट धरून हळूहळू वेग कमी करा, थरथर थांबेल, पण ती गाडी तशीच वापरू नका. नुसता नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवून ते झाकलं जातं, जात नाही. खरं कारण झिजलेलं किंगपिन, पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सल आडवं सरकू न देणाऱ्या दांडीचे) बुश, टायरचा बॅलन्स यातलं काहीतरी असतं, आणि गाडी उंच केलेली असेल तर कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) बिघडलेला असू शकतो.

दोन्ही दुखणी एकत्र

स्टिअरिंग बॉक्सच्या खालून, ड्रॉप आर्मच्या शाफ्टमधून गळत असेल तर शाफ्ट हलतोय का बघा. आतला बुश किंवा बेअरिंग झिजलं की शाफ्ट डुलतो आणि सील कितीही नवं टाका, ते डुलणाऱ्या शाफ्टवर टिकत नाही. बंद गोळ्याचं नकल (पुढच्या ॲक्सलच्या टोकाचा, चाक वळवणारा बंद सांधा) असलेल्या गाड्यांतही असंच, किंगपिन बेअरिंग गेलं की गोळा मधोमध राहत नाही आणि मोठं सील एका बाजूने गळायला लागतं. आणि नकलमधलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येत असेल तर आतलं ॲक्सल सील गेलंय, डिफरन्शियलचं ऑईल तिथे येतंय. हे ऑईल पुढे हबमधून ब्रेकवर पोचलं तर ब्रेक एका बाजूला ओढतो आणि माणसाला वाटतं स्टिअरिंग खराब झालं.

गाडी आमच्याकडे आणणार असाल तर त्याआधी धुऊ नका. ओघळ तसेच राहू द्या, पुठ्ठा सोबत आणा, आणि कधी जास्त गळतं, गरम झाल्यावर, चढावर की रात्रभर उभी असताना, ते एका कागदावर लिहून आणा.