कोरफड रात्री ऑक्सिजन देते का?

‘झोपायच्या खोलीत कोरफड ठेवा, ती रात्रभर ऑक्सिजन देते’ हा निरोप पुन्हा पुन्हा फिरत असतो. तो साफ चूक आहे. पण रात्री या झाडात खरोखरच काहीतरी विलक्षण घडतं, आणि ते ऑक्सिजनच्या गप्पांपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

कोरड्या बागेत शोभणारी टायगर अ‍ॅलो ही छोटी कोरफड घ्या. उंची वीतभर. मधोमध दुमडलेली जाड पानं तीन रांगांत एकमेकांवर रचलेली, त्यांवर पांढरे आडवे पट्टे, आणि हिवाळा सरता सरता शेंदरी फुलांचा तुरा. ती मूळची दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण नामिबियातल्या रखरखीत भागातली. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ मध्ये तिला अ‍ॅलो व्हेरिएगाटा म्हटलं. २०१४ मध्ये तिला गोनिअलो या वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये) हलवण्यात आलं.

कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पानांवरची रंध्रं, म्हणजे सूक्ष्म छिद्रं, उघडावी लागतात, आणि ती उघडली की त्याच वाटेने पाण्याची वाफ निसटते. भर उन्हात हा सौदा फार महाग पडतो. म्हणून कोरफड रंध्रं मुख्यतः रात्री उघडते, कारण गार हवा पानातलं पाणी कमी ओढते. पण प्रकाश नसताना घेतलेल्या वायूचं करायचं काय? पेप कार्बोक्सिलेज नावाचं एन्झाइम त्याला तीन कार्बनच्या रेणूशी जोडतं. चार कार्बनचं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट तयार होतं, त्यापासून मॅलिक आम्ल, आणि ते पेशीतल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, साठत जातं. पहाटेपर्यंत पान चक्क आंबट होतं. उजाडलं की रंध्रं मिटतात, आम्ल बाहेर येऊन फुटतं आणि बंद पानाच्या आतच कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. तोही इतका दाट, की रुबिस्को हे कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम त्याऐवजी ऑक्सिजन पकडण्याची नेहमीची चूक फारशी करत नाही. पुढे केल्व्हिन चक्र, म्हणजे या वायूपासून साखर घडवणारी क्रियांची साखळी.

पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं, हे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइनचं निरीक्षण १८१५ मध्ये छापून आलं. पानफुटीच्या क्रॅस्युलेसी कुळावरूनच या पद्धतीला क्रॅस्युलेसियन अ‍ॅसिड मेटाबोलिझम, थोडक्यात कॅम, म्हणतात. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना साधी झाडं ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतात, कॅम झाडं ५० ते १००.

ऑक्सिजन मात्र प्रकाशात पाण्याचा रेणू फुटल्यावरच मिळतो, म्हणजे दिवसाच. रात्री कोरफडही आपल्यासारखीच श्वसनासाठी ऑक्सिजन वापरते.

मुळं उघडी टांगलेली कोरफड बराच काळ हिरवी राहते, म्हणून तिच्यात दैवी शक्ती आहे असं मानणारे पुष्कळ आहेत. शक्ती कसली! दुष्काळ वाढला की कॅम झाडं दिवसरात्र रंध्रं मिटून घेतात आणि स्वतःच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइडच पुन्हा पुन्हा वापरतात. त्यात वाढ होत नाही, पण पेशी जिवंत राहतात.

एरवीही वाढ संथच, कारण रिक्तिकेत मावेल तेवढंच आम्ल एका रात्रीत साठतं. जास्त पाणी देऊन ही मर्यादा हलत नाही, उलट मुळं कुजतात. पाणी झरझर निथळेल अशी खडीमिश्रित माती घ्या, ती पूर्ण वाळल्यावरच पुन्हा पाणी द्या, आणि तेही मुळाशी. पानांच्या खाचांत साचलं तर गाभा सडतो.