शिवीगाळ फेक अकाउंटमुळेच होते?

‘खरं नाव सक्तीचं करा, सोशल मीडिया आपोआप सभ्य होईल.’ गोव्यात वर्षानुवर्षं फिरणारा हा समज चुकीचा आहे. धमक्या देणारी फेक खाती असतात आणि त्यांच्यावर कारवाई हवीच. पण रोग तेवढाच नाही.

दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पडताळणी सक्तीची केली. शिवीगाळ थांबली नाही, आणि २०१२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने तो कायदाच रद्द केला.

डिचोली-फोंड्याकडचा वाड्यावरचा कुठलाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बघा. नंबर उघडे, सगळे ओळखीचे. रेंट-अ-कार बेफाम हाकणाऱ्या पर्यटकांचा व्हिडिओ येतो. एकजण लिहितो, ‘पोलिसांत तक्रार करूया.’ त्याला उत्तरच नाही. दुसरा लिहितो, ‘भायल्यांना (बाहेरच्यांना) झोडपा!’ खाली अंगठ्यांची रांग. पुढच्या खेपेला पहिलाही तीच भाषा बोलू लागतो. आपल्याच माणसांची ही शाबासकी मला फेक खात्यांपेक्षा जास्त घातक वाटते.

येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ट्विटरवर हेच दाखवलं: संतापाला लाइक आणि शेअर मिळाले, की माणूस पुढे आणखी संतापून लिहितो. आणि हा परिणाम कट्टरांच्या गोतावळ्यापेक्षा मवाळ गोतावळ्यातल्या माणसांवर जास्त दिसला.