संगणक जाळ्यांतील वेळजुळणीच्या त्रुटी

जाळ्यातील संगणकांची घड्याळे एकमेकांशी किंवा प्रमाणवेळेशी न जुळल्याने उद्भवणारे दोष. संगणकाचे घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. तापमान आणि वयोमानानुसार ही कंपने बदलतात. दहा लाखांत १० भाग एवढ्या फरकानेही घड्याळ दिवसाला सुमारे ०.८६ सेकंद मागे-पुढे जाते. म्हणून यंत्रे ठरावीक अंतराने वेळ-सर्व्हरशी ताळा करतात. त्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) पद्धत डेव्हिड मिल्स यांनी घडवली. तिचे पहिले विवरण १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले.

या पद्धतीतली मूळची अडचण प्रवासाच्या वेळेत आहे. संदेश जायला आणि उत्तर यायला सारखाच वेळ लागतो, असे ती गृहीत धरते. जाताना १० आणि येताना ५० मिलिसेकंद लागले, तर घड्याळ २० मिलिसेकंदांनी चुकते, आणि केवळ त्या देवाणघेवाणीवरून ही चूक ओळखता येत नाही.

सर्व्हरच चुकीची वेळ सांगू लागला तर प्रकरण अधिक गंभीर होते. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे दोन सर्व्हर काही काळ २००० हे साल सांगत होते. बंद पडलेला सर्व्हर परवडला. चुकीचे सांगणारा चालू सर्व्हर नाही. दोन सर्व्हरांत मतभेद झाल्यास खरा कोणता हे ठरत नाही, त्यामुळे किमान चार जोडावेत असा सल्ला दिला जातो.

लीप सेकंदाने, म्हणजे प्रमाणवेळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळती ठेवण्यासाठी अधूनमधून जोडल्या जाणाऱ्या जादा सेकंदाने, वेगळाच घोळ घातला. ३० जून २०१२ च्या अखेरीस (भारतात १ जुलैची पहाट) तो जोडला गेला आणि लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यातील दोषामुळे अनेक सर्व्हर विनाकारण पूर्ण भाराने धावू लागले. १ जानेवारी २०१७ ला अशाच सेकंदामुळे क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीच्या प्रणालीत दोन क्षणांमधले अंतर ऋण निघाले, तेव्हा काही डीएनएस विनंत्या (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता विचारणाऱ्या) फसल्या. गूगल हा सेकंद एकदम न जोडता तासन्‌तास थोडाथोडा पसरवते. मात्र असा सेकंद पसरवणारा आणि नेहमीचा सर्व्हर एकत्र वापरल्यास त्या काळात घड्याळांत अर्ध्या सेकंदापर्यंत तफावत पडू शकते.

परिणाम रोजच्या कामातही दिसतात. केर्बेरॉस या जाळ्यावरील ओळख-पडताळणीच्या पद्धतीत साधारणतः पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असल्यास लॉगिन नाकारले जाते. घड्याळे जुळत नसतील तर हल्ल्याच्या तपासात निरनिराळ्या यंत्रांवरील नोंदींचा क्रमही लागत नाही. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र किंवा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, घड्याळे जुळवणे बंधनकारक केले.