मेंदूच्या प्रतिमांचे इंटरपोलेशन: पद्धतीच्या वादाची पार्श्वभूमी

१९७१ मध्ये लंडनमध्ये रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. त्या चित्रात ८० गुणिले ८० चौकटी होत्या आणि एकेक काप १३ मिलिमीटर जाडीचा होता. दोन स्कॅन तंतोतंत एकमेकांवर बसवायची निकड खऱ्या अर्थाने भासली ती नव्वदच्या दशकात, फंक्शनल एमआरआयमुळे, म्हणजे मेंदू काम करत असताना त्यातला बदल टिपणाऱ्या स्कॅनमुळे. सिग्नलमध्ये शोधायचा बदल जेमतेम एक-दोन टक्क्यांचा, आणि त्याच वेळी रुग्णाचे डोके हलायचे.

प्रतिमा सरकवून बसवली की नव्या चौकटींतली मूल्ये शेजारच्या मूल्यांवरून काढावी लागतात. हेच इंटरपोलेशन, आणि ते कोणत्या पद्धतीने करायचे हा वाद. ट्रायलिनियर पद्धत, म्हणजे जवळच्या आठ मूल्यांची अंतरानुसार सरासरी, सोपी आणि वेगवान, पण गोम तिच्यातच होती. प्रतिमा पूर्ण एका व्हॉक्सेलने (त्रिमितीय चौकटीने) सरकली तर आकडे जसेच्या तसे राहतात. तिन्ही दिशांना अर्ध्या व्हॉक्सेलने सरकली तर आठ शेजाऱ्यांची सरासरी निघते. म्हणजे चित्र किती धूसर होणार, हे डोके किती हलले त्यावर ठरते. त्यामुळे सिंक आणि पुढे बी-स्प्लाइन या जास्त शेजारी विचारात घेणाऱ्या पद्धती पुढे आल्या. त्यांत तपशील जास्त टिकतो, पण ठळक कडेजवळ मूल्ये शून्याखालीही जाऊ शकतात. सरकवण्या-फिरवण्याची सगळी रूपांतरे आधी जोडून रिसॅम्पलिंग (नव्या जाळीवर मूल्ये काढणे) एकदाच करायची शिस्त त्यानंतर रुळली. माझ्या मते तिचे मोल पद्धतीच्या निवडीइतकेच आहे.

वाद मिटला नाही तो लेबलांचा, म्हणजे कोणता व्हॉक्सेल मेंदूच्या कोणत्या भागाचा हे सांगणाऱ्या क्रमांकांचा. प्रचलित क्रमांकपद्धतीत डावा थॅलॅमस १०, ब्रेनस्टेम १६ आणि डावा पॅलिडम १३. थॅलॅमस आणि ब्रेनस्टेम एकमेकांना लागून आहेत. त्यांच्या सीमेवर ट्रायलिनियर लावले की सरासरी १३ येते आणि जिथे पॅलिडम नाही तिथे तो उगवतो. म्हणून लेबलला निअरेस्ट नेबर (सर्वांत जवळच्या व्हॉक्सेलचे मूल्य जसेच्या तसे घेणे), हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण त्यात कडा दातेरी होतात. एकाच गाठीचा मास्क (गाठीत १, बाहेर ०) असेल तर काही जण ट्रायलिनियर लावून ०.५ च्या खालचे छाटतात. कडा सुबक दिसतात, मात्र एका व्हॉक्सेलएवढी बारीक जखम शेजाऱ्यांत वाटली जाऊन ०.५ च्या खाली घसरू शकते आणि गायब होऊ शकते. उंबरठा ०.३ वर आणला तर मोठ्या गाठी फुगतात. अनेक लेबले असतील तर प्रत्येक लेबल वेगळे काढून इंटरपोलेट करावे आणि ज्याचे मूल्य जास्त ते ठेवावे, हा मार्ग मला जास्त पटतो. अगदी बारीक जखमा त्यातही निसटतात.

मुंबईत याचा संबंध रोजच्या कामाशी येतो. परळच्या मोठ्या रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत बहुधा दोन वेगळ्या सेंटरच्या सीडी असतात. एकीत ५ मिलिमीटर जाडीचे काप, दुसरीत १ मिलिमीटरचे. जाड कापांची प्रतिमा १ मिलिमीटरच्या जाळीवर आणली की फाइलमध्ये १ मिलिमीटर अशीच नोंद होते, पण मधले काप यंत्राने कधी घेतलेलेच नसतात. कोणतीही पद्धत ते आणून देत नाही. जखम वाढली की कमी झाली हे सांगायचे असेल तर मास्क मूळ कापांवर काढावा, आकारमान तिथेच मोजावे आणि रिसॅम्पल केलेली प्रतिमा शेजारी ठेवून बघण्यापुरती वापरावी. अहवालात मूळ कापांची जाडी लिहावी.